काटा अडकलाय, एक्स-रे ‘नॉर्मल’ आहे, तरी टोचतंय: आता काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. म्हापशातल्या एका घरी परवा रात्री शेवट्याचं (शेवटे या माशाचं) हुमण, म्हणजे कालवण, खाताना 58 वर्षांच्या आईंच्या घशात काटा अडकला. भाताचे गोळे गिळून झाले, दोन केळी झाली, कोणाच्या तरी सांगण्यावरून घोटभर व्हिनेगरही पिऊन झालं. काल मानेचा एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. तरी आज थुंकी गिळली की उजवीकडे नेमक्या एकाच जागी टोचतं. ताप नाही, पेज जाते. काटा आपोआप विरघळेल म्हणून थांबायचं, की दुर्बिणीने बघून घ्यायचं?

थांबू नका. आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. एक्स-रे नॉर्मल आहे, एवढ्यावरून काटा नाही असं म्हणता येत नाही.

काटा जाताना घशाला नुसता ओरखडा उठला तरी टोचल्यासारखं वाटतं, हे खरं आहे. काटा अडकला म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांच्या घशात शेवटी काहीच सापडत नाही. पण ओरखड्याचं दुखणं पसरट असतं, बाजू नीट सांगता येत नाही आणि चोवीस तासांत स्पष्ट उतरतं. अडकलेला काटा प्रत्येक घोटाला त्याच जागी टोचतो आणि दुसऱ्या दिवशीही तेवढाच टोचतो. आईंना एका बोटाने जागा दाखवायला सांगा. बोट कंठमण्याच्या वर, जबड्याच्या कोनाखाली गेलं, तर काटा बहुधा त्याच बाजूच्या टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी असतो. या पट्ट्यात रुग्णाने दाखवलेली बाजू सहसा खरी निघते. बोट कंठमण्याच्या खाली किंवा छातीच्या हाडामागे जात असेल, तर दाखवलेल्या जागेवर फार विसंबता येत नाही. अन्ननलिकेला जागा नीट सांगता येत नाही, पण अशा वेळी काळजी मात्र जास्त करावी लागते.

आता एक्स-रेबद्दल, कारण घोळ तिथेच होतो. सगळ्या माशांचे काटे एक्स-रेवर सारखे दिसत नाहीत. बांगडा आणि तारल्याच्या कुळातले मासे यांचे काटे जवळजवळ दिसतच नाहीत. शेवटे, तांबोशी यांचे मध्यम दिसतात, तेही फिल्म चांगली असली आणि काटा आडवा पडलेला असला तर. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी मऊ मांसाची दाटी आणि जबड्याची सावली एकमेकांवर पडतात, त्यामुळे तिथला बारीक काटा हरवून जातो. दुसरी अडचण वयाची आहे. वय वाढतं तसा स्वरयंत्राच्या कूर्चेत चुना साठतो, आणि तिची पांढरी रेघ हुबेहूब काट्यासारखी दिसते. म्हणजे काटा असून दिसत नाही आणि नसून दिसतो, अशा दोन्ही चुका होतात. मग मानेचा बाजूने काढलेला एक्स-रे कशासाठी? गुंतागुंत ओळखण्यासाठी. मणक्यांच्या पुढची मऊ सावली दुसऱ्या मणक्यापाशी साधारण 7 मिलिमीटर आणि प्रौढांत सहाव्या मणक्यापाशी 22 मिलिमीटरपेक्षा जाड दिसली, तिच्यात हवेचे बुडबुडे दिसले, किंवा मानेचा नेहमीचा बाक जाऊन ती काठीसारखी सरळ दिसली, तर सूज, पू किंवा छिद्र यांचा विचार करावा लागतो.

भाताच्या गोळ्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्याकडे काटा अडकला की पहिला हात भाताच्या टोपात जातो. वरवर चिकटलेला बारीक काटा गोळ्याबरोबर कधी जातोही, आणि तेवढ्यावर हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. पण रुतलेल्या काट्यावरून गोळा गेला की तो काट्याला आत दाबतो. टॉन्सिलमधून चिमट्याने अर्ध्या मिनिटात निघाला असता तो काटा मांसात पूर्ण शिरतो, किंवा सुटून खाली अन्ननलिकेच्या तोंडाशी आडवा बसतो. मग अर्ध्या मिनिटाच्या कामाला भूल द्यावी लागते. केळं आणि सुका पाव यांचंही तेच. व्हिनेगर, लिंबू, सोलं (कोकम) यांनी काटा मऊ होतो ही समजूत तर सोडूनच द्या. काटा व्हिनेगरच्या वाटीत बुडवून ठेवला, तर बऱ्याच तासांनी नरम पडेल. घशातून व्हिनेगर दोन सेकंदांत उतरतं. तेवढ्यात काट्याला काही होत नाही, सोललेल्या त्वचेची मात्र आग होते. बोट घालून ओकारी काढू नका. काटा अडकला की पाण्याचे दोन-चार घोट घ्या, आरशात टॉर्चने बघा. टोक स्पष्ट दिसत असेल आणि घरात कोणाचा हात स्थिर असेल, तर बोथट चिमट्याने काढा. दिसत नसेल तर तिथेच थांबा.

दवाखान्यात तपासणी कशी व्हायला हवी, हे माहीत असलेलं बरं, म्हणजे ती पुरी झाली की नाही ते कळतं. आधी कपाळावरच्या दिव्याने, जीभ दाबून दोन्ही टॉन्सिल बघतात. काटा टॉन्सिलच्या खालच्या टोकाशी, जिभेआड लपलेला असतो आणि पुष्कळदा एक-दोन मिलिमीटरच बाहेर असतो. ओल्या गुलाबी पृष्ठभागावर पांढरा ठिपका, एवढंच. थुंकीची तारही तशीच चमकते. फरक ओळखायला रुग्णाला एकदा गिळायला सांगतात किंवा कापसाच्या बोळ्याने पुसतात. तार जागा बदलते, काटा हलत नाही. दिसत नसेल तर हातमोजा घालून बोटाने टॉन्सिल आणि जिभेचं मूळ चाचपतात. डोळ्याला न दिसणारं टोक बोटाला खडखडीत लागतं, आणि रुग्ण त्याच क्षणी ‘हेंच, हेंच’ म्हणतो. यानंतर लिग्नोकेनचा 10 टक्क्यांचा फवारा तीन-चारदा मारून घसा बधिर करतात आणि नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालतात, किंवा तोंडातून 70 अंशांची ताठ दुर्बीण. रुग्णाने जीभ बाहेर काढून ‘ई’ म्हटलं की स्वरयंत्र वर येतं आणि जिभेच्या मुळामागचा खळगा उघडतो. स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंचे खोल कप्पेही बघायचे असतात. तिथे थुंकीचं डबकं साचलेलं दिसलं, तर खाली काहीतरी अडलंय असं समजतात. वाकड्या चिमट्याने काटा ज्या दिशेने घुसला त्याच्या उलट्या दिशेला सरळ ओढतात. आडवा हिसका दिला तर तो मोडतो आणि अर्धा आत राहतो. निघालेला काटा मागून घेऊन बघा. दोन्ही टोकं निमुळती असतील तर तो पूर्ण आहे. एक टोक तुटल्यासारखं खरबरीत असेल, तर पुन्हा तपासायला सांगा. त्यानंतर तासभर काही खाऊ-पिऊ नये. बधिर घशात पाणी चुकीच्या वाटेने जातं.

या सगळ्यात काही दिसलं नाही आणि दुखणं वर सांगितल्यासारखं एकाच जागचं असेल, तर पुढची पायरी सीटी स्कॅन. औषध न टोचता, मिलिमीटरभर जाडीचे छेद, तिन्ही बाजूंनी मांडलेले. जे काटे साध्या एक्स-रेवर हरवतात, ते बहुतेक इथे सापडतात. काटा भिंतीच्या बाहेर गेलाय का, मोठ्या रक्तवाहिनीपासून किती दूर आहे, हेही कळतं. मागणीच्या कागदावर ‘माशाचा काटा’ असं लिहिलेलं असावं आणि स्कॅन जबड्यापासून जठरापर्यंत व्हावा. नुसत्या मानेचा स्कॅन केला आणि काटा छातीत निघाला, असं होऊ देऊ नये. बेरियम पाजून फोटो काढायचा प्रस्ताव कोणी दिला तर नम्रपणे नकार द्या. बेरियमचा पांढरा लेप सगळीकडे बसतो आणि नंतर दुर्बिणीतून काटा सापडत नाही. भिंतीला छिद्र असेल तर तो छातीत उतरतो, ते वेगळंच.

काटा अन्ननलिकेत असेल तर घड्याळाकडे बघावं लागतं. अन्ननलिका तीन-चार जागी अरुंद आहे. दातांपासून सुमारे 15 सेंटिमीटरवर तिचं तोंड, 22 ते 27 च्या दरम्यान महाधमनी (हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी) आणि डावी श्वासनलिका टेकतात ती जागा, आणि 40 च्या आसपास छाती-पोटामधला पडदा. काटे बहुतेक पहिल्या जागी अडकतात. महाधमनीपाशी अडकलेल्याची भीती सगळ्यात जास्त. टोकदार वस्तू अन्ननलिकेत असेल तर शक्यतो 2 तासांत आणि फार तर 6 तासांत काढावी, असं युरोपातल्या एंडोस्कोपी (दुर्बिणीने आतून तपासणी) तज्ज्ञांच्या मार्गदर्शनात सांगितलंय. चोवीस तासांनंतर भिंत सुजते, काटा रुततो आणि छिद्राचा धोका चढत जातो. काढताना टोकदार बाजू मागे राहील अशी वस्तू फिरवून घेतात, कारण पुढे असलेलं टोक भोसकतं, मागून घसटत येणारं नाही. दोन्ही टोकं रुतली असतील तर आधी एक सोडवून घेतात. दुर्बिणीच्या टोकावर पारदर्शक टोपी बसवली की काटा तिच्यात ओढून घेता येतो आणि भिंत वाचते. काढल्यावर पुन्हा एकदा आत उतरून जागा बघायलाच हवी.

पुढील गोष्टींपैकी काहीही झालं तर उद्याची वाट न बघता रात्रीच बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या तातडीच्या विभागात जा: थुंकीही गिळता न येणं, ताप, मान वळवताना कळ, आवाज बदलणं, छातीत किंवा पाठीत दोन फऱ्यांच्या मधे दुखणं, मानेची कातडी दाबल्यावर बर्फावर पाय पडल्यासारखी करकरणं, आणि तोंडातून ताजं रक्त. शेवटचं लक्षण थोडंसं येऊन थांबलं तरी हलकं घेऊ नका. काटा महाधमनीला लागला असेल, तर आधी थोडं रक्त येतं, मग काही तास किंवा दिवस बरं वाटतं आणि नंतर एकदम मोठा रक्तस्राव होतो. हे क्वचित घडतं. पण मधल्या शांत काळात जो माणूस हॉस्पिटलमध्ये असतो, तोच वाचू शकतो.

जठरात उतरलेला काटा मात्र सहसा त्रास न देता निघून जातो. पोटाकडे जाणारा रस्ता एकदा पार झाला, की गिळलेल्या दहापैकी आठ-नऊ वस्तू आपोआप बाहेर पडतात. जुलाबाचं औषध घेऊ नका, नेहमीसारखं जेवा. पुढच्या दिवसांत पोटात उजवीकडे खाली दुखलं किंवा ताप आला, तर ‘काटा गिळला होता’ हे आवर्जून सांगा. लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे काटा टोचून अगदी अपेंडिक्ससारखं दुखतं.

आईंना कवळी आहे का, तेही बघा. टाळू झाकणारी कवळी असली की काटा तोंडात लागत नाही, म्हणून वयस्कर माणसांना काटे जास्त अडकतात. आणि कवळी स्वतःच गिळली गेली, तर ॲक्रिलिक एक्स-रेवर दिसत नाही, दिसतो फक्त तारेचा आकडा. निघताना कवळी काढून ठेवा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चिठ्ठी घ्या, आणि आताच शेवटचं कधी खाल्लं ते लिहून ठेवा. भूल द्यायची वेळ आली तर घन अन्नानंतर 6 तास आणि साध्या पाण्यानंतर 2 तास जावे लागतात. वाटेत चहा पाजला की तेवढं काम पुढे ढकललं जातं.

घरात नातवंडं असतील, तर दोन गोष्टी काट्यापेक्षाही तातडीच्या आहेत.

पहिली, बटण-बॅटरी. चतुर्थीला आणि नाताळात लावतात त्या छोट्या एलईडी मेणबत्त्या, गाडीच्या चावीचा रिमोट, वजनकाटा यांतली 20 मिलिमीटरची 3 व्होल्टची चकती लहान मुलाच्या अन्ननलिकेत बरोबर अडकते. बॅटरी फुटून ॲसिड गळतं हा गैरसमज आहे. ओल्या भिंतीला दोन्ही बाजू टेकल्या की प्रवाह सुरू होतो, ऋण बाजूला तीव्र क्षार तयार होतो आणि 2 तासांत भिंत जळायला लागते. रिमोट चालत नाही म्हणून काढलेल्या ‘संपलेल्या’ बॅटरीतही एवढी ताकद उरलेली असते. एक्स-रेवर ती नाण्यासारखी दिसते. नवं एक रुपयाचं नाणं 20 ते 22 मिलिमीटरचं, म्हणजे मापावरून ओळखता येत नाही. मोठं करून कडेला दुहेरी कडं दिसतं का आणि बाजूच्या फोटोत पायरी दिसते का, ते बघावं लागतं. खात्री नसेल तर बॅटरीच समजून चालावं. मूल वर्षाच्या वरचं असेल, गिळून 12 तास झाले नसतील आणि ते गिळू शकत असेल, तर हॉस्पिटलच्या वाटेवर दर 10 मिनिटांनी 10 मिलिलिटर मध द्या, फार तर सहा वेळा. मधाचा थर जळणं थोडं लांबवतो. पण मध शोधायला थांबू नका, 108 ला फोन करा आणि निघा. नाकात घातलेली बॅटरीही तितकीच घातक असते, काही तासांत मधला पडदा जळतो. त्यात थेंब घालू नका.

दुसरी, शेंगदाणा, काजूचा तुकडा, फेस्तातले (चर्चच्या जत्रेतले) चणे. तीन वर्षांखालच्या मुलाला चावायच्या दाढा पुऱ्या आलेल्या नसतात. खाता खाता हसलं, पडलं, की दाणा श्वासनलिकेत जातो. आधी जोराचा ठसका येतो, जीव घाबरा होतो, मग सगळं शांत होतं. घरच्यांना वाटतं, गेलं. खरं तर दाणा एका फुप्फुसाच्या नळीत जाऊन बसलेला असतो. चार दिवसांनी एकाच बाजूला शिट्टी वाजते, आठ दिवसांनी ताप येतो आणि न्यूमोनिया म्हणून औषध चालू होतं. शेंगदाण्याचं तेल नळीची आतली त्वचा सुजवतं, म्हणून उशीर झाला की काढणंही अवघड होतं. इथेही एक्स-रे नॉर्मल असू शकतो. श्वास सोडतानाचा फोटो काढला तर एक बाजू फुगलेलीच राहते, तेवढाच पुरावा मिळतो. ठसक्याचा प्रसंग नेमका सांगितला, तर त्या एका वाक्यावर ताठ ब्राँकोस्कोपी (श्वासनलिकेत ताठ नळी घालून तपासणी) करून बघायचा निर्णय घेता येतो. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये डॉ. गुस्टाव्ह किलियान यांनी 1897 साली एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून डुकराच्या हाडाचा तुकडा ताठ नळीतून काढला. आजच्या ब्राँकोस्कोपीचा पाया तोच. मूल खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच बंद झाला, तर पाठीवर दोन खांद्यांच्या मधे 5 थापा, मग 5 वेळा पोट वर दाबा. वर्षाखालच्या बाळाचं पोट न दाबता छाती एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दाबा. न दिसता तोंडात बोट फिरवू नका.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना उरतात ते हातापायातले काटे. रापण ओढताना किंवा जाळं निवडताना शिंगाळ्याचा काटा हातात शिरतो, उथळ पाण्यात वागळ्यावर (शेपटीत काटा असलेल्या चपट्या माशावर) पाय पडतो. दोन्ही काटे करवतीसारखे दातेरी आणि विषारी. विष उष्णतेने मोडतं, म्हणून पाय 45 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात 30 ते 90 मिनिटं बुडवा. आधी दुसऱ्या पायाने पाणी तपासा, दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. वरवर दिसणारा काटा काढा, पण छाती, मान किंवा पोटात रुतलेला असेल तर हात लावू नका. हॉस्पिटलमध्ये जखम धुऊन उघडी ठेवायला हवी, काट्यावरची साल आत राहते आणि टाके घातले की पू होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन आलंच. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाची जखम काही तासांत लाल-जांभळी होऊन फोड आले, तर तो समुद्राच्या पाण्यातल्या जंतूचा संसर्ग असू शकतो, आणि तिथे एक रात्रही दवडू नये.

मासे पकडायची गरी (गळाचा आकडा) बोटात शिरली तर मागे ओढू नका, तिचा उलटा दात मांस फाडतो. दात कमी खोल असेल तर बाकावर जाड दोरा अडकवायचा, दांडा बोटाने कातडीकडे दाबून धरायचा म्हणजे दात सुटतो, आणि मग दांड्याच्या रेषेत एकच जोरकस झटका द्यायचा. समोर कोणी उभं राहू नये. खोल असेल तर जागा बधिर करून टोक पुढे कातडीतून बाहेर काढतात, दात पक्कडीने तोडतात आणि उरलेली गरी आल्या वाटेने मागे घेतात. डोळ्याजवळची गरी घरी काढायची नाही, तिच्यावर कागदाचा कप झाकून चिकटवायचा आणि तसंच न्यायचं.

लाकडाची कुसळ आणि बांबूची काडी एक्स-रेवर दिसत नाही, काच बहुधा दिसते. पायातली जखम तीन आठवड्यांनीही ओलीच असेल, वरून सुकून पुन्हा पुन्हा पू येत असेल, तर प्रतिजैविकाचा तिसरा कोर्स घेण्याआधी त्या जागेचा सोनोग्राफी स्कॅन करून घ्या. लाकूड तिथे पांढऱ्या रेघेसारखं, मागे काळी सावली टाकत दिसतं. कातडीवर खूण करून घेऊन त्याच बैठकीत ते काढता येतं.